दोर ओढणारे आणि अर्ज लिहिणारे

पेडणे तालुक्याचा समुद्रकिनारा लांबीने फारसा नाही. उत्तरेला तेरेखोल नदीच्या मुखाशी केरी, मग पालये, हरमल, मांद्रे आणि दक्षिणेला शापोरा नदीच्या मुखाशी मोरजी, एवढीच त्याची गावे. गोव्याच्या सुमारे १०५ किलोमीटरांच्या किनाऱ्यातील हा एक लहानसा तुकडा. पावसाळा ओसरला, नारळी पौर्णिमेचा नारळ समुद्राला अर्पण झाला आणि पाणी निवळू लागले, म्हणजे या गावांतील जाणती माणसे समुद्राकडे निराळ्या नजरेने पाहू लागतात. बांगड्यांचा किंवा तारल्यांचा थवा किनाऱ्याजवळ आला की पाण्याचा रंग किंचित पालटतो, वर पक्षी घिरट्या घालतात. न शिकलेल्या डोळ्याला तेथे काहीच दिसत नाही. जाणत्याने हात केला की होडी पाण्यात लोटली जाते. दोराचे एक टोक वाळूवरच्या माणसांच्या हाती ठेवून ती जाळे सोडीत सोडीत आत जाते, मोठे अर्धवर्तुळ घेते आणि दुसरे टोक घेऊन काही अंतरावर पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा उभ्या राहतात व ओढावयास आरंभ होतो. तास दोन तास ओढल्यावर दोन्ही रांगा एकमेकींच्या जवळ येतात, जाळ्याची खोळ उथळ पाण्यात दिसू लागते आणि तिच्यातील चांदी उन्हात उसळते. यालाच रापण म्हणतात.

रापण ही एकट्यादुकट्याची मिळकत क्वचितच असते. होडी व जाळे पुष्कळ ठिकाणी भागीदारीतले असतात. मासळी काढल्यावर जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे असे वाटप वाळूवरच होते. वाटेने जाणारा कोणी दोराला हात लावून गेला, तर त्यालाही हुमणापुरते मासे द्यावयाचे, अशी जुनी रीत आहे. पन्नास-साठ माणसांचे हे काम, पण त्याला लेखी नियम नाहीत. रापणीला अध्यक्ष नसतो, चिटणीस नसतो, इतिवृत्ताची वही नसते. कोणी कुठे उभे राहावयाचे आणि कोणाची पाळी केव्हा, हे बापाकडून मुलाला कळते, आणि कळले नाही तर शेजारचा सांगतो.

अशा या लोकांना एके काळी अध्यक्षाची व चिटणीसाची गरज भासली. ती भासल्यावर त्यांनी पुढारी म्हणून स्वीकारला तो जाळे टाकणारा नव्हता, शाळेत शिकवणारा होता. हे का घडले, त्यातून काय मिळाले आणि काय मिळावयाचे राहिले, याचा विचार आज करावयाचा आहे.

गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला. त्यापूर्वीच्या राजवटीत सभा भरवावयाची तर परवानगी, पत्रक छापावयाचे तर तपासणी, अशी स्थिती होती. त्यामुळे कष्टकऱ्यांनी आपल्या धंद्याची संघटना उभारावी आणि तिच्या नावाने सरकारशी बोलावे, ही सवय येथे मुरलेलीच नव्हती. मुक्तीनंतर नव्या सरकारने विकासाच्या ज्या योजना हाती घेतल्या, त्यांत यांत्रिक मासेमारी ही एक होती. ट्रॉलर बांधण्यास कर्जे मिळू लागली, अनुदाने मिळू लागली. कोळंबीला परदेशांत भाव होता. ज्यांच्या घरात कधी वल्हे नव्हते, अशांनीही या बोटींत पैसा गुंतविला. पुढे पर्ससीन जाळी आली. थव्याला भोवतालून घेरून खालून पिशवीचे तोंड आवळावे, तसे ते जाळे आवळले जाते व सबंध थवा एका खेपेत वर येतो.

या ठिकाणी रापणीचे एक वैशिष्ट्य लक्षात घेतले पाहिजे. रापण माशाच्या मागे धावू शकत नाही. ती वाळूला बांधलेली आहे. मासा किनाऱ्याशी येईल तेव्हाच तिला तो मिळणार. पाचदहा वाव पाण्यात, जेथे लहान मासे वाढतात, तेथेच तळ खरवडीत ट्रॉलर फिरू लागले आणि येणारा थवा वाटेतच घेरला जाऊ लागला, तर किनाऱ्यावर दोर धरून उभे राहणाऱ्याने करावयाचे काय? मोरजीच्या वाळूवर उभे राहिले की नदीच्या पलीकडे बार्देशच्या बाजूला शापोऱ्याचा धक्का आहे. तेथे ट्रॉलर लागतात. एका तीरावर दोर आणि दुसऱ्या तीरावर इंजिन, मध्ये नदीचे मुख, असे हे चित्र इतके जवळून दुसरीकडे क्वचितच दिसेल.

१९७० च्या दशकात दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत किनाऱ्यावर हाच अनुभव येऊ लागला. समुद्रात बोटी अडविल्या गेल्या, जाळी फाडली गेली, किनाऱ्यावर मारामाऱ्या झाल्या. परंतु हातघाईने सरकारी धोरण बदलत नाही. दरबारी वाळूवरचा शब्द चालत नाही, तेथे अर्ज लागतो. अर्जात वाव किती, किलोमीटर किती, कोणत्या कायद्याचे कोणते कलम, हे लिहावे लागते. आणि हा अर्ज कोणत्या भाषेत? १९६१ पूर्वी कचेरीची भाषा पोर्तुगीज होती, नंतर ती इंग्रजी झाली. पेडण्यासारख्या तालुक्यात मराठी शाळा देवळाच्या सभामंडपात, नाहीतर कोणाच्या ओसरीवर चालत. त्यांतून अक्षरओळख झालेला खारवी किंवा गाबीत घरातला मुलगा दहाव्या-बाराव्या वर्षी होडीवर जाई. कचेरीच्या दोन्ही भाषा त्याला परक्याच.

गावात अर्ज कोण लिहितो, हे ज्याने खेडे पाहिले आहे त्याला सांगावयास नको. मनिऑर्डरचा फॉर्म मास्तर भरतात, मुंबईच्या मुलाला पत्र मास्तर लिहितात, तलाठ्याची नोटीस मास्तर वाचून दाखवितात. तेव्हा रापणकारांच्या चळवळीत एक शिक्षक पुढे आला, यात नवल करण्यासारखे काही नाही.

त्यांचे नाव माथानी साल्ढाणा. जन्म १९४८. मुरगाव तालुक्यातील कासावलीचे ते राहणारे, म्हणजे किनाऱ्यावरचेच. पण व्यवसायाने ते शिक्षक होते. एका खत कारखान्याच्या सांडपाण्यामुळे कासावली-वेळसांवच्या बाजूला समुद्र दूषित होऊ लागला, तेव्हा लोकांबरोबर उभे राहून त्यांनी सार्वजनिक कार्यास आरंभ केला. पुढे 'गोंयच्या रापणकारांचो एकवट' ही संघटना उभी राहिली आणि तिच्या नेतृत्वात त्यांचे नाव अग्रभागी आले. मोर्चे, धरणी, साखळी उपोषणे, अटका, असा तो काळ होता. मागणी मात्र एकच आणि मोजता येण्यासारखी होती. किनाऱ्यालगतचे पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखून ठेवावे, इंजिनाच्या बोटींनी त्याच्या बाहेर राहावे.

मागणी मोजता येण्यासारखी करणे, हे बाहेरून आलेल्या शिकलेल्या माणसाचे मोठे काम होते. किनाऱ्यावरचा माणूस म्हणतो, 'ते आमचे मासे नेतात.' हे खरेच असते, परंतु सरकारला त्यावर काही करता येत नाही. समुद्र सर्वांचा आहे, मासा कोणाचाच नाही, असे उत्तर ठरलेले. त्याच गाऱ्हाण्याला अंतराचे रूप दिले म्हणजे त्याचा कायदा होऊ शकतो. रापणकाराला समुद्र ठाऊक होता. तो समुद्र कागदावर कोठे रेघ मारून दाखवावयाचा, हे शिक्षकाला ठाऊक होते.

दुसरे काम याहून अवघड. गोव्यात त्या वेळी मुख्यमंत्री होत्या शशिकलाताई काकोडकर. १९७३ मध्ये वडील दयानंद बांदोडकर यांच्या निधनानंतर त्यांनी सूत्रे हाती घेतली होती, आणि विधानसभेत त्या डिचोलीच्या प्रतिनिधी होत्या. त्यांच्यानंतर १९८० च्या आरंभी मुख्यमंत्री झाले ते सत्तरीचे प्रतापसिंह राणे. डिचोली आणि सत्तरी, या दोन्ही तालुक्यांना समुद्र नाही. डिचोलीचे धन डोंगरात आहे. तेथील माणूस खाणीवर जातो, ट्रक चालवतो, मांडवीच्या काठी बार्जीत खनिज भरतो. मासे मात्र त्याला रोज हवेत. बुधवारच्या बाजाराला गेलेली डिचोलीची गृहिणी बांगड्याचे डोळे आणि कल्ले पाहते. तो रापणीचा की पर्ससीनचा, हे तिने का विचारावे? उलट ट्रॉलरमुळे मासळी मुबलक येते, असेच तिला सांगितले जाई. मे महिन्यात पुरुमेंताचे सुके मासे साठवताना तिला दर तेवढा दिसतो. तेव्हा समुद्रावरचा निर्णय ज्या मतदारांच्या प्रतिनिधींनी घ्यावयाचा, त्यांना समुद्राचे दुखणे सांगून पटविणे भाग होते. किनाऱ्यावरच्या लोकांपुढे बोलणारे पुष्कळ मिळतात. किनारा ओलांडून डोंगरपट्टीत आपली बाजू मांडणारा लागतो, त्याला व्याख्यानाची, वर्तमानपत्राची, कायद्याची सवय असावी लागते. ही सवय एकवटला बाहेरून मिळाली.

याचे फळ म्हणजे १९८० चा गोवा, दमण व दीव सागरी मासेमारी नियमन कायदा. या कायद्याने किनाऱ्यालगतचा पट्टा यांत्रिक ट्रॉलरना बंद करण्याची वाट मोकळी झाली व पाच किलोमीटरांची मर्यादा आली. केरळातही त्याच वर्षी असा कायदा झाला आणि महाराष्ट्रात पुढच्या वर्षी. तेव्हा हे श्रेय एकट्या गोव्याचे मानणे बरोबर होणार नाही. १९७८ मध्ये देशातील निरनिराळ्या किनाऱ्यांवरच्या मच्छीमार संघटना एकत्र येऊन त्यांचा एक राष्ट्रीय मंच स्थापन झाला. साल्ढाणा हे त्याचे आरंभीचे अध्यक्ष. हाच पुढे राष्ट्रीय मच्छीमार मंच म्हणून ओळखला गेला. त्याच्या नेतृत्वात नंतर केरळचे फादर थॉमस कोचेरी आले. तेही मच्छीमार नव्हते, धर्मगुरू होते. परदेशी भागीदारीतल्या खोल समुद्रातील मासेमारी जहाजांना १९९१ च्या धोरणाने परवाने मिळू लागले, त्याविरुद्ध या मंचाने देशव्यापी बंद पाळले. सरकारला मुरारी समिती नेमावी लागली आणि त्या समितीने १९९६ मध्ये परवाने रद्द करावेत असा अभिप्राय दिला.

शिक्षक, धर्मगुरू, वकील, डॉक्टर, अशी माणसे कष्टकऱ्यांच्या संघटनेच्या डोक्यावर असावीत काय? हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांचे पहिले पुढारी नारायण मेघाजी लोखंडे हे गिरणीत भांडारपाल म्हणून काम केलेले गृहस्थ. त्यांना आत-बाहेर असे दोन्ही म्हणता येईल. परंतु त्यांच्यानंतरचे नारायण मल्हार जोशी पूर्णपणे बाहेरचे. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे, पुण्यात शिकलेले, काही वर्षे शाळामास्तर. १९०९ मध्ये ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले, १९११ मध्ये त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली आणि चाळींतून रात्रीच्या शाळा, वाचनालये चालविली. १९२० मध्ये आयटक स्थापन झाली तेव्हा संस्थापकांत ते होते आणि पुढे अनेक वर्षे तिचे सरचिटणीस. ज्यांनी आयुष्यात माग चालविला नाही, त्यांच्या शब्दावर हजारो माग बंद पडत. जोशींचे वैशिष्ट्य हे, की कामगारांची शाळा आधी आणि कामगारांची संघटना नंतर, हा क्रम त्यांनी पाळला. याच जातीचे काम गोव्यात मुक्तिलढ्यातून आलेल्या जॉर्ज वाझ यांच्यासारख्यांनी मुक्तीनंतर कामगारांत केले.

कायद्यालाही हा प्रश्न पडला होता. १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने असे ठरविले, की संघटनेच्या पदाधिकाऱ्यांपैकी निदान निम्मे त्या धंद्यात प्रत्यक्ष काम करणारे असावेत. म्हणजे उरलेले निम्मे बाहेरचे चालतील. २००१ मध्ये ही सवलत आखडती घेतली गेली. संघटित उद्योगांत बाहेरच्यांची संख्या एकतृतीयांश किंवा पाच, यांपैकी जी कमी तिच्यावर नेऊ नये असे ठरले. असंघटित क्षेत्रापुरती मात्र निम्म्याचीच मर्यादा राहिली. यातील आशय उघड आहे. ज्यांना मालकाच्या रोषाची भीती कमी व लिहिण्यावाचण्याची सवय अधिक, त्यांना आपला पुढारी आपल्यातूनच निवडता यावा. ज्यांना ते बळ नाही, त्यांना उसना पुढारी घेण्याची मुभा असावी.

रापणकारांच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. डिचोलीच्या खाणीवरच्या कामगाराला मालक असतो, हजेरीपट असतो, पगार असतो. त्याचा तंटा कोणाशी, हे स्पष्ट असते. रापणकाराला मालक नाही. तो स्वतःच अर्धा मालक आणि अर्धा मजूर. त्याने संप केला तर त्याचीच चूल बंद. त्याचा तंटा ट्रॉलरवाल्याशी, पण ट्रॉलरवाला त्याचा धनी नव्हे. आणि सरकारशी, पण सरकार त्याला पगार देत नाही. असा तंटा सतत पेटता ठेवणे फार कठीण. ट्रॉलरमालक मोजके, पैसेवाले, धक्क्यावर रोज एकमेकांना भेटणारे. त्यांच्या सहकारी संस्था आहेत, डिझेलचे व्यवहार आहेत, वकील बांधलेला असतो. रापणकार विखुरलेले; मासा आला तर सभा नाही आणि मासा आला नाही तर सभेला येण्याचे भाडे नाही. अशा लोकांची संघटना चालविणाऱ्याला पगारी कारकुनाचे, वकिलाचे, वर्गणी गोळा करणाऱ्याचे आणि कधी कधी समजूत काढणाऱ्या वडीलधाऱ्याचे, अशी सारी कामे करावी लागतात. ही सेवा थोडी नव्हे. समाजसेवक शब्द हल्ली इतका स्वस्त झाला आहे, की लग्नपत्रिकेतही तो आढळतो. म्हणून हे सांगणे जरूर वाटते.

परंतु या नेतृत्वाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कायदा मिळविणे हे एकदाचे काम. कायदा पाळला जातो की नाही, हे पाहणे रोजचे. पाच किलोमीटरांची रेघ नकाशावर स्पष्ट दिसते; समुद्रावर ती कोणी ओढलेली नाही. रात्री दोन वाजता मांद्र्यासमोर इंजिनाचा आवाज आला, तर बोट रेघेच्या आत आहे की बाहेर, तिचा क्रमांक काय, हे कोणी टिपावयाचे? मासेमारी खात्याची गस्तीची बोट यावयाची तेव्हा येणार. येथे कासावलीच्या किंवा पणजीच्या पुढाऱ्याचा उपयोग नाही. केरीच्या, हरमलच्या, मोरजीच्या माणसानेच वही-पेन्सिल घेऊन बसावयास हवे, तारीख-वेळ लिहून तक्रार नोंदवावयास हवी, तिचा पाठपुरावा करावयास हवा. हे शिक्षण चळवळीच्या धामधुमीत मागे पडले. मोर्चाला माणसे आली, ती मोर्चा संपल्यावर जाळ्याकडे परत गेली. अर्ज लिहिणारा एकच राहिला आणि दोर ओढणारे अनेक.

त्याचा परिणाम पुढे दिसतो. समुद्रात दिव्यांचा झगमगाट करून मासे एका जागी गोळा करावयाचे व उपसून न्यावयाचे, असा नवा प्रकार निघाला. त्याला एलईडी मासेमारी म्हणतात. दोन बोटींच्या मध्ये जाळे ओढण्याचा बुल ट्रॉलिंग हा दुसरा प्रकार. २०१७ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने दोन्हींवर बंदी घातली. बंदी आल्यानंतरही पारंपरिक मच्छीमारांना त्याच बंदीच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा पुन्हा रस्त्यावर यावे लागले. १९८० च्या कायद्याच्या बाबतीत जे झाले, तेच येथेही झाले.

पुढारी राजकारणात जातो, हा दुसरा भाग. साल्ढाणा २००२ मध्ये कुठ्ठाळीतून विधानसभेवर निवडून आले. २०१२ च्या मार्चमध्ये पुन्हा निवडून येऊन ते मंत्री झाले आणि थोड्याच दिवसांत, २१ मार्च २०१२ रोजी, त्यांचे निधन झाले. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी बिनविरोध निवडून आल्या. लोकांच्या मनात त्यांच्याविषयी काय होते, हे त्यावरून कळते. त्यांनी राजकारणात जावयास नको होते, असे म्हणणारे आहेत. पण ज्याने पंचवीस-तीस वर्षे सरकारच्या दारात अर्ज नेले, त्याला एके दिवशी दाराच्या आत जाऊन बसावेसे वाटले, तर त्यात गैर ते काय? अडचण इतकीच, की आमदाराला किनारा आणि डोंगर, रापण आणि ट्रॉलर, सर्वांचीच मते सांभाळावी लागतात. आणि तो तिकडे गेल्यावर संघटनेच्या खुर्चीवर बसण्यास वाळूवरचा कोणी तयार नसेल, तर ती खुर्ची एक तर रिकामी राहते किंवा दुसऱ्या कोणा बाहेरच्याची होते.

या संघटनेत आणखी एका व्यक्तीचा उल्लेख क्वचित येतो. मासळी किनाऱ्याला लागेपर्यंत काम पुरुषांचे. लागल्यावर ती निवडणे, मीठ लावणे, सुकविणे, डोक्यावर पाटी घेऊन गुरुवारी पेडण्याच्या, शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बसणे, हे काम बायकांचे. बाजारात जागा मिळावी, पाणी मिळावे, ट्रकने घाऊक मासळी आणणाऱ्यांनी रस्त्याच्या कडेला विकून आपला धंदा बुडवू नये, ही त्यांची गाऱ्हाणी. रापणकारांच्या मागणीपत्रांत ती फारशी शिरली नाहीत. गंमत अशी, की या दोन्ही लढ्यांत बोलण्याची सवय पुरुषांपेक्षा त्यांनाच अधिक होती. रोज शंभर गिऱ्हाइकांशी भाव करणाऱ्या बाईला अधिकाऱ्यापुढे बोलावयास शिक्षकाची गरज किती पडली असती, कोण जाणे.

आणि प्रदेश म्हणजे तरी कोठपर्यंत? केरीच्या फेरीबोटीतून तेरेखोल नदी ओलांडून थोडे पुढे गेले की महाराष्ट्राची हद्द लागते. पलीकडे रेडी, शिरोडा, वेंगुर्ले. तेथेही रापण, तोच बांगडा, बोलीतही फार अंतर नाही. पण कायदा दुसरा, खाते दुसरे, संघटना दुसरी. मासा हद्द पाळीत नाही, ट्रॉलरही पाळीत नाहीत. पाळतात ते केवळ अर्ज. पेडण्याच्या रापणकाराचे दुखणे कासावलीपेक्षा शिरोड्याच्या रापणकाराला अधिक जवळचे असेल. तरी त्याची वर्गणी आणि त्याची सही दक्षिणेकडे जाते, कारण पणजी तिकडे आहे.

पेडण्याच्या किनाऱ्यावर गेल्या काही वर्षांत एक नवा शेजारी आला आहे. हरमल, आश्वे, मोरजी येथे वाळूवर पर्यटकांच्या खाटा, छत्र्या आणि खानावळी दाटीने उभ्या राहिल्या. मोरजीला कासवे अंडी घालतात, त्या जागा १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून वन खात्याने गावकऱ्यांच्या मदतीने राखल्या. रापण ओढण्याची जागा मात्र कोणी राखून ठेवली नाही. रापणीला मोकळी लांब वाळू लागते. मध्ये खाटांच्या रांगा आल्या तर दोन दोर एकमेकांकडे सरकणार कसे? येथे गुंता असा, की त्या खानावळींपैकी कित्येक रापणकारांच्याच घरांतल्या आहेत. थोरला भाऊ जाळ्याचा वाटेकरी, धाकट्याची खानावळ. संघटनेने तक्रार कोणाविरुद्ध करावयाची?

आता या घरांतली मुले शिकली आहेत. पदवीधर आहेत, संगणकावर अर्ज भरतात, कायद्याची कलमे स्वतः वाचतात. पूर्वी मास्तरांकडे जे काम होते ते आता घरातच होऊ शकते. ज्या दिवसाची वाट एकवटच्या पहिल्या पुढाऱ्यांनी पाहिली असेल, तो दिवस आला आहे असे वाटते. फक्त ही मुले दोराला हात लावीत नाहीत. कोणी म्हापशाला नोकरीत, कोणी जहाजावर, कोणी टॅक्सी चालवतो. सभासदांच्या यादीत नाव बापाचे किंवा आजोबांचे आहे. सप्टेंबरात होडी पाण्यात जाते तेव्हा दोराच्या रांगेत पाचसहा म्हातारे आणि बाकीचे दुसऱ्या राज्यांतून मजुरीला आलेले तरुण, असे दृश्य आता कित्येक ठिकाणी दिसते. त्यांची भाषा वेगळी. त्यांना वाट्याऐवजी रोजंदारी मिळते. ते रापणकार आहेत की नाहीत, याविषयी संघटनेच्या घटनेत काही लिहिलेले नसते. ओढून झाल्यावर संध्याकाळी त्यांच्यापैकी एकेक जण पानात बांधून चारदोन बांगडे घेऊन जातो. दोराला हात लावणाऱ्याला हुमणापुरते द्यावयाचे, ही जुनी रीत त्यांच्या बाबतीतही पाळली जाते.